नवी वसाहत आणि जुने पंपिंग स्टेशन

आंघोळीचे, धुण्याभांड्यांचे आणि संडासाचे पाणी जमिनीखालच्या ड्रेनेज लाइनमधून उताराने वाहत जाते. उतार राखायचा म्हणजे लाइन पुढे पुढे खोल न्यावी लागते. आपल्या माळव्यात काळ्या मातीखाली काळा दगड लागतो, त्यामुळे खोल चर खणणे फार खर्चाचे होते. म्हणून सखल जागी विहीर बांधून तीत मैलापाणी गोळा करतात आणि पंपाने वर चढवतात. तेथून ते पुन्हा उताराने शुद्धीकरण केंद्राकडे जाते. यालाच मैलापाण्याचे पंपिंग स्टेशन म्हणतात.

इंदूरला हा विषय नवा नाही. १९१८ साली पॅट्रिक गेडीस यांनी होळकर दरबाराला दिलेल्या नगररचनेच्या अहवालात नदीकाठ स्वच्छ करण्यावर भर दिला होता. पुढे शहर वाढले आणि कान्ह व सरस्वती या नद्या नाल्यांसारख्या झाल्या. नदीत पडणारी हजारो तोंडे बंद करून ते पाणी कबीटखेडी व इतर शुद्धीकरण केंद्रांकडे वळवल्यावर, ऑगस्ट २०२१ मध्ये इंदूर देशातले पहिले 'वॉटर प्लस' शहर ठरले. हा मान टिकवायचा तर प्रत्येक नव्या वसाहतीचा हिशेब आधी मांडायला हवा.

तो हिशेब असा. समजा, १,००० सदनिका होणार आहेत आणि घरटी ५ माणसे धरली, तर ५,००० माणसे झाली. केंद्र सरकारच्या २०१३ च्या नियमपुस्तिकेप्रमाणे माणशी रोज १३५ लिटर पाणीपुरवठा धरतात. त्यातले ८० टक्के, म्हणजे १०८ लिटर, मैलापाणी होते. एकूण रोजचे ५ लाख ४० हजार लिटर, म्हणजे सरासरी सेकंदाला सव्वासहा लिटर. पण सकाळी सगळ्यांची आंघोळ एकाच वेळी असते! म्हणून २०,००० पर्यंतच्या वस्तीसाठी सरासरीच्या तिप्पट, म्हणजे सेकंदाला सुमारे १९ लिटरचा प्रवाह धरून योजना करतात.

मग एकदम मोठा पंप बसवला तर? तेही चुकीचे. वस्ती हळूहळू भरते. तोवर मोठा पंप क्षणात विहीर रिकामी करून बंद पडतो, पुन्हा सुरू होतो आणि लवकर खराब होतो. विहीर गरजेपेक्षा मोठी असेल तर मैलापाणी साचून कुजते. म्हणून बांधकाम ३० वर्षांचा आणि पंप १५ वर्षांचा विचार करून ठरवतात. पुढच्या पंपासाठी जागा राखून ठेवतात. एक पंप राखीव असतो आणि वीज गेल्यास जनरेटरची सोय असते.

ही तयारी न करता नवी वसाहत जुन्या स्टेशनला जोडली, तर त्रास नव्या सदनिकांना होत नाही. त्या बहुधा उंचावर असतात. तुंबलेले पाणी सर्वांत सखल गल्लीतल्या चेंबरमधून आणि तिथल्या घरांच्या मोरीतून वर येते. म्हणजे वस्ती एकाची वाढते आणि घाण दुसऱ्याच्या दारात येते. उरलेले पाणी नाल्यातून कान्हमध्ये आणि पुढे उज्जैनजवळ क्षिप्रेत जाते.

तुंबलेली लाइन मोकळी करायला माणूस उतरवला, तर कुजलेल्या मैलापाण्यातील विषारी वायूने त्याचा जीव जाऊ शकतो. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय असे काम करवून घेणे गुन्हा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूसाठी ३० लाख रुपये भरपाई ठरवली. तरी गेलेला माणूस परत येत नाही.

पालकांनी व विश्वस्तांनी घर किंवा जागा घेताना एवढे जरूर विचारावे: इथले मैलापाणी कोणत्या स्टेशनला जाणार, त्याची क्षमता किती, आणि वाढीचे काम लोक राहायला येण्याआधी पूर्ण होणार का? गच्चीचा पावसाळी पाइप ड्रेनेजच्या चेंबरला जोडू नये, कारण पावसात पंपावर त्याचाच भार पडतो. आणि मुलांनो, चिंध्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या मोरीत किंवा संडासात टाकू नका. त्या पंपात अडकतात आणि काढायला कोणाला तरी खाली उतरावे लागते.