शिकणारे यंत्र आणि त्याला शिकविणारे हात

अलीकडे कोणतेही वर्तमानपत्र उघडावे, तो त्यात बोलणाऱ्या, चित्रे ओळखणाऱ्या, भाषांतर करणाऱ्या यंत्राची काही ना काही बातमी असतेच. कोणी म्हणतो, आता माणसाचे काम संपले. कोणी म्हणतो, हे सारे थोतांड आहे. आमच्या कामगार सभांतूनही हाच प्रश्न वारंवार विचारला जातो. आम्ही काही महाविद्यालयाचे तोंड पाहिलेले नाही. जे शिकलो ते वाचनालयात आणि अशाच व्याख्यानमालांच्या मागच्या बाकांवर. परंतु ज्या यंत्राशी उद्या गाठ पडावयाची, ते आतून कसे चालते हे कळल्यावाचून त्याच्याविषयी धड मागणीही करता येत नाही आणि तक्रारही. म्हणून ते आधी समजून घेऊ.

फ्रान्समधील लियाँ शहरचा रहिवासी जाकार याने १८०४ साली एक माग सिद्ध केला. नक्षीचा सारा हुकूम त्याने पुठ्ठ्यांच्या छिद्रांत लिहून ठेवला होता. छिद्र असेल तेथे ताण्याचा धागा वर उचलला जाई, नसेल तेथे तो खालीच राही. येवल्याच्या विणकरांना हे साधन ‘जॅकार्ड’ या नावाने आजही परिचयाचे आहे. पुढे संगणक आला, तोही दीर्घकाळ याच रीतीने चालला. माणसाने प्रत्येक पायरी सांगावयाची आणि यंत्राने ती बिनचूक पाळावयाची. हिशेबाला, पगारपत्रकाला ही रीत उत्तम. पण मांजर कसे ओळखावे हे पायरीपायरीने कोण लिहून देणार? चार पाय सांगावेत तर कुत्र्यालाही चारच. मिशा सांगाव्यात तर ते पाठमोरे बसलेले! आपण क्षणात ओळखतो, पण कसे ओळखतो ते सांगता येत नाही.

येथेच नवी रीत उपयोगी पडली. नियम सांगण्याऐवजी उदाहरणे दाखवावयाची. चित्र म्हणजे यंत्राच्या लेखी नुसते आकडे. प्रत्येक ठिपका किती उजळ, एवढेच. त्या आकड्यांना निरनिराळ्या भारांकांनी गुणावयाचे, बेरजा करावयाच्या, त्या बेरजा पुढच्या थराकडे द्यावयाच्या, आणि अखेरच्या थरातून उत्तर घ्यावयाचे. आरंभी हे भारांक वाटेल तसे ठेवलेले असतात, म्हणून यंत्र मांजराला आगगाडीही म्हणते. मग खऱ्या उत्तराशी ताडून चूक किती झाली ते मोजतात, आणि ती चूक उलट दिशेने थराथरांतून मागे नेऊन प्रत्येक भारांक तिळभर इकडे किंवा तिकडे सरकवितात. जुन्या रेडिओची खुंटी पिळत पिळत आपण स्टेशन लावीत असू, तसेच हे. मात्र खुंट्या कोट्यवधी. चूक मागे नेण्याच्या या गणिताचा बोलबाला १९८६ साली रुमेलहार्ट, हिंटन व विल्यम्स यांच्या निबंधाने झाला.

गणित होते, तरी पुढची पाव शतकभर फारशी जादू घडली नाही. दोन गोष्टींची उणीव होती. एक म्हणजे वेगवान यंत्रे. ती पडद्यावरच्या खेळांची चित्रे रंगविण्यासाठी बनविलेल्या चिपांतून आयती मिळाली. दुसरी उणीव उदाहरणांची, आणि तिच्याकडे आम्ही श्रोत्यांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो.

अमेरिकेत फेइ-फेइ ली या विदुषीने ‘इमेजनेट’ नावाचा चित्रसंग्रह उभारला व तो २००९ साली जगापुढे ठेवला. त्यात पुढे १ कोटी ४० लाखांवर चित्रे झाली, आणि चित्रात काय आहे हे प्रत्येकाखाली नोंदविलेले होते. या नोंदी कोणी केल्या? १६७ देशांतील सुमारे ४९ हजार माणसांनी, घरोघरी संगणकापुढे बसून, नगावर मजुरी घेऊन. २०१२ साली टोरांटोच्या क्रिझेव्हस्की, सुट्स्केव्हर व हिंटन यांच्या यंत्राने याच संग्रहावरील स्पर्धा जिंकली. पाच अंदाजांची मुभा असता त्याची चूक १५.३ टक्के निघाली; दुसऱ्या क्रमांकाची २६.२ टक्के होती. त्या यंत्रात भारांक होते ६ कोटी. आजचा सारा गाजावाजा तेथून सुरू झाला.

ज्या बाजारातून ती माणसे मिळाली त्याचे नाव ‘मेकॅनिकल टर्क’, म्हणजे यांत्रिक तुर्क. मूळचा तुर्क १७७० साली व्हिएन्नाच्या दरबारात केम्पेलेनने आणला. बुद्धिबळ खेळणारा तो पुतळा भल्याभल्यांना हरवी. खालच्या पेटीत एक पटाईत खेळाडू लपून बसलेला असे. अमेझॉन कंपनीने २००५ साली आपल्या कामाच्या बाजाराला हे नाव दिले, ते पूर्ण समजून-उमजून दिले असले पाहिजे.

बोलणाऱ्या यंत्राचीही हीच कथा. माणसांनी लिहिलेला अफाट मजकूर त्याच्यापुढे ठेवून पुढचा शब्द ओळखावयास लावतात. चुकले की भारांक सरकवितात. मग माणसे बसवून दोन उत्तरांतले बरे कोणते ते निवडून घेतात, आणि त्या निवडीवर यंत्र पुन्हा घोटून घेतात. यंत्र संभाव्य शब्द निवडते. म्हणूनच ते कधी धडधडीत खोटेही तितक्याच ठामपणे सांगते. तपासणारा माणूस काढून टाकणे परवडणारे नाही, ते याचसाठी.

या विद्येने उपकार केले नाहीत असे मात्र कोणी समजू नये. शरीरातील प्रथिनांची घडी कशी पडते, हे प्रयोगाने काढावयास कधी कधी वर्षे लागत. ‘अल्फाफोल्ड’ यंत्राने २०२० साली हे काम पुष्कळ अंशी साधले. २०२२ पर्यंत २० कोटींहून अधिक प्रथिनांच्या अंदाजित घड्या सर्वांस खुल्या झाल्या. २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकातील अर्धा वाटा त्याबद्दल हसाबिस व जंपर यांना मिळाला. पण हे यंत्र शिकले कशावर? १९७१ पासून जगभरच्या प्रयोगशाळांनी एकेक करून जमविलेल्या आणि सर्वांस मोकळ्या ठेवलेल्या घड्यांच्या भांडारावर. तेथेही आधी हातांनी काम केले होते.

आता आमच्या प्रश्नाकडे येऊ. मुंबईच्या गिरणी कामगारांनी १९२८ साली सुमारे सहा महिने संप केला. विणकराने दोनांऐवजी तीन माग सांभाळावेत, ही त्या वेळची ‘सुधारणा’. तिसऱ्या मागाचा लाभ कोणाच्या पदरात आणि घरी कोण बसणार, यावर ते भांडण होते. आज प्रश्न तोच आहे. भर एवढीच पडली की कामगाराचे कसबही उदाहरण म्हणून यंत्राच्या पोटात जाते. कारकुनाची पत्रे, दुभाष्याची भाषांतरे, चित्रकाराची चित्रे यांवर यंत्र तयार होते आणि मग त्याच माणसाच्या दाराशी कमी मजुरीचा भाव घेऊन उभे राहते.

यावर उपाय नाही असे नाही. अमेरिकेतील चित्रपटलेखकांच्या संघटनेने २०२३ साली १४८ दिवस संप केला. लेखकाला यंत्र वापरण्याची सक्ती नाही, आणि यंत्राने लिहिलेला मजकूर त्याच्या हाती दिला तर तसे सांगितले पाहिजे, हे करारात लिहून घेतले. त्या करारात यंत्रावर सरसकट बंदी नव्हती. आपली संमती शाबूत ठेवली.

आपणही आपापल्या कचेरीत, कारखान्यात एवढे मागू शकतो. यंत्र आणण्यापूर्वी संघटनेला लेखी कळवावे. आमच्या कामावर यंत्र शिकविणार असाल तर विचारावे आणि त्याचा मोबदला द्यावा. वाचलेल्या वेळाचा वाटा कामाचे तास कमी करून आम्हांसही मिळावा. यंत्राच्या निर्णयाने कोणाची नोकरी जात असेल, तर त्याचा जाब देणारा माणूस नावानिशी ठरलेला असावा. नोंदी करणाऱ्या घरबसल्या मजुरांनाही कामगार म्हणून मोजावे. या मागण्या करावयास पदवी लागत नाही. पेटीच्या आत कोण बसले आहे, हे ठाऊक असावे लागते.