क्षारपड जमिनींच्या सुधारणेत क्षारसहिष्णू वनस्पतींचे कार्य

भारतातील सुमारे ६७ लाख हेक्टर जमीन क्षारबाधित आहे. अशा जमिनीत क्षारसहिष्णू गवत लावले की ते क्षार शोषून घेते व जमीन पूर्ववत होते, असा सर्वसाधारण समज आढळतो. हा समज अपुरा आहे व त्यावर विसंबणाऱ्या शेतकऱ्याची काही वर्षे वाया जाऊ शकतात.

प्रथम जमिनीचा प्रकार पाहावा लागतो. खारवट जमिनीत विद्राव्य क्षार जास्त असतात. उन्हाळ्यात त्यांचा पांढरा थर दिसतो. चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणांना चिकटलेला असतो व सामू ८.५ च्या वर जातो. कण विखुरतात, छिद्रे बुजतात, पाणी मुरत नाही. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात दगड, अशी तिची अवस्था असते.

हरियाणातील कर्नाल येथे १९६९ मध्ये केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था स्थापन झाली. तेथील प्रयोगांमुळे 'कर्नाल गवत' प्रसिद्धीस आले. पाकिस्तानच्या पंजाबात त्यालाच कल्लर गवत म्हणतात. 'कल्लर' म्हणजे खारी जमीन. हे गवत जादा क्षार पानांवाटे बाहेर टाकते, म्हणून टिकते. परंतु कापणीबरोबर शेताबाहेर जाणारा क्षार एकूण साठ्याच्या मानाने अल्पच असतो.

खरे कार्य मुळांचे आहे. मुळांच्या श्वसनातून निघणारा कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळून सौम्य आम्ल बनते. ते जमिनीतील चुनखडी विरघळवते. त्यातून सुटा झालेला कॅल्शियम कणांवरील सोडियमची जागा घेतो. जिप्सम टाकून हेच साधले जाते, तेही लवकर. मात्र जिप्सम विकत आणावे लागते आणि त्याचा परिणाम मुख्यतः मिसळलेल्या थरात दिसतो. गवताची मुळे अधिक खोल जातात, शिवाय जनावरांना चारा मिळतो. अल्पभूधारकाच्या दृष्टीने ही बाब लहान नव्हे.

सुटा झालेला सोडियम मात्र पाण्याबरोबर मुळांच्या खाली वाहून गेला पाहिजे. जमिनीत चुनखडीच नसेल किंवा पाण्याचा निचरा होत नसेल, तर गवत हिरवे दिसेल, पण जमीन सुधारणार नाही.

वेड्या बाभळीचाही या कामी उपयोग झाला आहे. परंतु कच्छमधील बन्नीच्या गवताळ प्रदेशात तिने मांडलेला उच्छाद पाहता ती शेताजवळ न लावणेच शहाणपणाचे.

कृष्णाकाठी मिरज, शिरोळ, अथणी या भागांत उसाला दिलेल्या अतिरिक्त पाण्याने भूजलपातळी वर आली व काळ्या जमिनी क्षारपड झाल्या. या मातीत चुनखडी बहुधा असते. उणीव निचऱ्याची आहे. तेथे आधी चर किंवा भूमिगत सच्छिद्र नळ्या घालून पाण्याला वाट द्यावी, पाण्याच्या पाळ्या कमी कराव्यात आणि मगच धैंचा किंवा क्षारसहिष्णू गवत घ्यावे. एका शेतकऱ्याने चर काढून भागत नाही. ते पाणी शेजाऱ्याच्या बांधावरून ओढ्यापर्यंत न्यावे लागते.