बाराबोरची नळी

बाराबोरची बंदूक खेडोपाडी सर्वांना ऐकून ठाऊक असते. पण हे बारा कसले, असे विचारा, की मंडळी एकमेकांकडे पाहू लागतात. सोपे आहे. एक पौंड शिसे घ्या, त्याच्या सारख्या १२ गोळ्या ओता. त्यांतली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल, ती बाराबोरची नळी. गोळ्या १६ पाडल्या तर गोळी लहान. म्हणून सोळाबोर बाराबोरपेक्षा अरुंद! गुरुजींना व्यस्त प्रमाणासाठी हे उदाहरण फुकट मिळाले.

आता ही नळी घडे कशी ते पाहा. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात बर्मिंगहॅमला आणि बेल्जममध्ये लिएजच्या आसपास नळ्या घडविणारे लोहार होते. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या एकाआड एक रचायच्या, तापवून एकजीव करायच्या, त्यांची कांब ओढायची आणि ती लालबुंद असतानाच दोरासारखी पिळायची. अशा दोनतीन कांबी शेजारी सांधून फीत करायची. ती सळईभोवती गुंडाळून, घाव घालून कडेला कड जोडायची. काही इंग्रज कारागीर तर घोड्यांच्या नालांचे जुने खिळे गोळा करून त्यांचे लोखंड वापरीत. चिवट असते म्हणून, बरं का! मग नळी घासून मुद्दाम गंज चढवला, की अंगावर सुंदर वेलबुट्टी उमटे. तिला ‘दमास्कस’ म्हणत.

पण जितके सांधे तितकी धास्ती. एखादा सांधा कच्चा राहिला तर नळी हातातच फुटायची. म्हणून नळ्यांची परीक्षा आली. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ साली सनद मिळाली आणि बर्मिंगहॅमचे परीक्षागृह १८१३ च्या कायद्याने उभे राहिले. नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढायचा. नळी टिकली तरच तिच्यावर शिक्का. दोन्ही ठिकाणी हे काम आजही चालते.

शिक्का असला म्हणजे झाले, असे मात्र समजू नका. जुना शिक्का काळ्या दारूचा. १८८० नंतर बिनधुराची दारू प्रचारात आली. तिचा दाब नळीवर वेगळ्या तऱ्हेने येतो. त्यात आतून गंजलेला सांधा वरच्या नक्षीखाली दिसत नाही. तेव्हा वाडवडिलांच्या दुनळीवर अशी वेलबुट्टी दिसली, तर तीत आजचे काडतूस कधीही घालू नका. ठासणीच्या बंदुकीत तर जुना बार वर्षानुवर्षे तसाच राहिलेला असू शकतो. मुलांना तिच्या घोड्याशी खेळू देऊ नका. माळ्यावर अशी एखादी सापडलीच, तर तिला हात न लावता पोलीस ठाण्यावर कळवा. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्यावाचून ती घरात ठेवता येत नाही.