सीडिंग नसलेली विम्बल्डन राणी

मार्केटा वोंद्रूशोव्हा. चेक प्रजासत्ताकाची डावखुरी, हातांवर टॅटूच टॅटू. २०१९ ची फ्रेंच ओपन उपविजेती, टोकियो ऑलिम्पिकची रौप्यविजेती. पण गवतावर? २०२३ पर्यंत विम्बल्डनच्या मुख्य फेरीत तिच्या नावावर जेमतेम एक विजय! त्याच्या आदल्या वर्षी तर मनगट प्लास्टरमध्ये होतं, लंडनला गेली ती मैत्रिणीला चिअर करायला.

२०२३ ला आली तेव्हा रँकिंग ४२. नवरा घरीच, मांजर सांभाळायला. आला तो थेट फायनलला!

माझ्या मते स्पर्धा तिने जिंकली ती क्वार्टर फायनलमध्ये. समोर चौथी सीड जेसिका पेगुला. तिसऱ्या सेटमध्ये मार्केटा १-४ ने मागे. मध्येच पावसामुळे छप्पर बंद झालेलं. तिथून तिने सलग पाच गेम काढले आणि ६-४, २-६, ६-४. ताकदीने नाही हं, डाव्या हाताचे वळणारे स्लाइस, अचानक ड्रॉप शॉट आणि चेहऱ्यावर ढिम्म भाव.

फायनलला ओन्स जाबेर. (सगळं सेंटर कोर्ट ओन्सच्या बाजूने, आणि खरं सांगायचं तर निम्मी मीसुद्धा.) ओन्स दोन्ही सेटमध्ये पुढे होती, पण ३१ अनफोर्स्ड एरर्स महागात पडल्या. ६-४, ६-४. ओपन युगात सीडिंगशिवाय विम्बल्डन जिंकणारी पहिली महिला!

पुढच्याच वर्षी पहिल्या फेरीत गारद, ते वेगळं. हायलाइट्स बघणार असाल तर फायनल नंतर, आधी पेगुलाविरुद्धचा तिसरा सेट बघा.