एक कळफलक, दोन संगणक

नागपूरच्या दक्षिणेस, मनीषनगर ओलांडल्यावर लागणारे बेसा हे पूर्वीचे शेतीचे गाव आता सदनिकांच्या इमारतींनी शहराशी जोडले गेले आहे. आणि वर्धा रस्त्यापलीकडे मिहान या उद्योगक्षेत्रात टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल यांची आवारे असल्यामुळे, शिवाय २०२० च्या टाळेबंदीपासून कचेरीचे काम घरी बसून करण्याची रीत पडल्यामुळे, येथील पुष्कळ घरांत कचेरीचा लॅपटॉप आणि घरचा संगणक अशी दोन यंत्रे एकाच मेजावर नांदू लागली आहेत. खोलीच्या कोपऱ्यातील त्या मेजावर दोन मॉनिटर, दोन कीबोर्ड आणि दोन माउस मांडावयाचे तर वही ठेवण्यापुरतीही जागा उरत नाही. या अडचणीवरील उपाय म्हणून माझ्याकडे केव्हीएम स्विच नावाची तळहाताएवढी पेटी आली, आणि तिचे काम जितके जवळून पाहिले तितका तिच्याविषयीचा आदर वाढत गेला.

दोन्ही संगणकांकडून एकेक एचडीएमआय आणि एकेक यूएसबी केबल पेटीत येते. दुसऱ्या अंगास मॉनिटर, कीबोर्ड आणि माउस जोडलेले असतात. एरवी फारशी कोणाच्या उपयोगी न पडणारी स्क्रोल लॉक ही कळ लागोपाठ दोनदा दाबली, की पडदा क्षणभर काळा होतो आणि एका यंत्राचा अंमल संपून दुसऱ्याचा सुरू होतो. स्वस्त पेट्या या क्षणी यूएसबीची जोडणीच एकीकडून काढून दुसरीकडे लावतात, त्यामुळे नव्या संगणकास कीबोर्ड आत्ताच जोडला गेला असे वाटून त्याची ओळख पटविण्यात थोडा वेळ जातो. महाग पेट्या दोन्ही यंत्रांस कीबोर्ड सदैव हजर असल्याचे भासवितात, म्हणून बदल तत्काळ होतो. परंतु माउसची जादा बटणे आणि कीबोर्डच्या खास कळा अशा पेटीस कित्येकदा उमगत नाहीत, हेही खरेदीपूर्वी ध्यानात ठेवावे.

कीबोर्ड मुळात काय पाठवितो, हे मला या पेटीमुळेच प्रत्यक्ष दिसले. घरच्या संगणकावर माझे मराठी लेखन इनस्क्रिप्टने चालते. कळांचा हा आराखडा भारतीय लिप्यांसाठीच्या १९९१ च्या इस्की मानकातही आहे. कचेरीच्या लॅपटॉपवर केवळ इंग्रजी. उजव्या तर्जनीखालची, बोटास जाणवणारा उंचवटा असलेली कळ दाबली असता तारेतून ‘जे’ जात नाही आणि ‘र’ही जात नाही, जातो तो १३ हा आकडा. त्याचा ‘र’ करावयाचा की ‘जे’, हा निर्णय सर्वस्वी ज्याच्या ताब्यात त्या घटकेस कीबोर्ड आहे त्या संगणकाचा. बोट तेच, कळ तीच, पेटीही तीच, आणि पडद्यावर दोन निराळ्या लिप्या उमटतात, याचे मला अजूनही कौतुक वाटते.

चित्राची बाजू अधिक नाजूक आहे. मॉनिटर आपली निर्मिती, आकारमान आणि झेपणारी चित्रघनता यांची माहिती १२८ बाइट्सच्या एका मूळ तुकड्यात बाळगतो. ईडीआयडी असे नाव असलेली ही माहिती वाचूनच संगणक चित्र पाठवितो. पेटीने पाठ फिरवताच ज्या संगणकास ही माहिती मिळेनाशी होते, तो मॉनिटर काढून नेला असे समजतो, आणि नीट मांडून ठेवलेल्या खिडक्या आपल्या मर्जीने हलवितो. परत येऊन पाहावे तो मोठ्या पडद्यावरील मजकूर लॅपटॉपच्या लहान पडद्यावर कोंबलेला. चांगली पेटी या माहितीची नक्कल स्वतःपाशी ठेवते आणि दृष्टीआड असलेल्या यंत्रासही ती देत राहते. किमतीतील फरकाचे मोठे कारण येथे आहे. एचडीएमआय १.४ च्या पेटीत ४के चित्र सेकंदास ३० वेळाच बदलते व माउसचा बाण ओढल्यासारखा वाटतो, २.० मध्ये ६० वेळा.

हे काम पेटीवाचूनही साधते. २००१ पासूनचा सिनर्जी आणि २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या गॅरेज उपक्रमातून आलेला माउस विदाउट बॉर्डर्स हे प्रोग्राम नेटवर्कवरून एकाच कीबोर्डाने अनेक संगणक चालवितात, आणि एकीकडे कॉपी केलेला मजकूर दुसरीकडे पेस्टही करू देतात. मात्र त्यांत प्रत्येक संगणकास आपापला पडदा लागतो, आणि शिवाय मजकुराची जी ये-जा सोयीची वाटते तिलाच कचेरीची हरकत असते. कचेरीच्या लॅपटॉपवर बाहेरचा प्रोग्राम बसविण्याची परवानगी बहुधा नसतेच. पेटीच्या बाबतीत हा प्रश्न फारसा उद्भवत नाही: माझी बोटे, माझे डोळे दोन्ही यंत्रांत समाईक असतात, पण त्या यंत्रांना एकमेकांची खबर नसते. सुरक्षेसाठी खास घडविलेल्या पेट्यांत तर कीबोर्डाकडून संगणकाकडे एकाच दिशेने संदेश जावा, उलट येऊ नये, अशी तजवीज असते. माझी पेटी तितकी कडक नाही. तिला पेनड्राइव्हसाठी एक जादा पोर्ट आहे, आणि कळ दाबताच त्यात लावलेली वस्तूही एका संगणकाकडून दुसऱ्याकडे सोपविली जाते. तो पोर्ट मी वापरत नाही. पेनड्राइव्ह लावावयाचाच झाला तर तो थेट घरच्या संगणकाला लावतो.