विद्यापीठाची सीमा आणि आपला संघ

१९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत एकेकाळी सारा विदर्भ येत असे. १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ वेगळे झाले. २०११ मध्ये चंद्रपूर-गडचिरोलीची महाविद्यालये गोंडवाना विद्यापीठात गेली. भंडारा मात्र नागपूरकडेच राहिला.

क्रीडांगणावर याचा अर्थ काय? लाखांदूर आणि शेजारच्या वडशाचे कबड्डीपटू पूर्वी विद्यापीठाच्या एकाच संघात निवडले जाऊ शकत. आता ते प्रतिस्पर्धी. एका विद्यापीठाची तीन झाली, म्हणजे सातांच्या जागी एकवीस जणांना मैदान मिळाले. पण निवडीचे क्षेत्र आकुंचले.

आपला गुणी खेळाडू नागपूरच्या महाविद्यालयात गेला, तर विद्यापीठाचे काही बिघडत नाही. पोकळी आपल्या संघात पडते. म्हणून प्रथम वर्षाची मुले हेरून त्यांना तिन्ही वर्षे घडविणे, हाच खरा उपाय होय.