एका बॅण्डमधून फुटलेल्या वाटा

जनरल झिया-उल-हक यांच्या काळातले पाकिस्तानी टेलिव्हिजन म्हणजे डोक्यावर दुपट्टा घेतलेल्या निवेदिका आणि मोजूनमापून दाखवलेले संगीत. त्या टेलिव्हिजनवर १९८७ च्या ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या निमित्ताने, जीन्स घातलेली चार मुले गिटार वाजवत गाताना दिसली. गाणे होते ‘दिल दिल पाकिस्तान’, बॅण्डचे नाव व्हायटल साइन्स. गाणारे होते जुनेद जमशेद. वडील हवाई दलात, मुलगा लाहोरच्या इंजिनिअरिंग विद्यापीठात आणि वय अवघे २२. पुढे बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसने जगभरातल्या श्रोत्यांचा कौल घेतला, तेव्हा हे गाणे तिसऱ्या क्रमांकावर आले.

बॅण्डचा चेहरा नेहमी गायकाचा असतो. पोस्टरवर तोच, मुलाखतीत तोच. पण व्हायटल साइन्सचे सूर जुळवणारे डोके होते रोहेल हयात यांचे. रोहेल आणि शहजाद हसन हे दोघे शेवटपर्यंत टिकले. गिटारवादक मात्र एकामागून एक बदलत गेले. त्यांतले एक सलमान अहमद. शिक्षणाने डॉक्टर, स्वभावाने बंडखोर. त्यांना अधिक धारदार संगीत हवे होते. ते बाहेर पडले आणि १९९० मध्ये त्यांनी ‘जुनून’ हा स्वतःचा बॅण्ड उभा केला.

इकडे अल्बम निघत राहिले, शीतपेयाच्या कंपनीचे प्रायोजकत्व मिळाले, दौरे झाले. पण १९९४ मध्ये, बॅण्ड चालू असतानाच, जुनेद यांचा स्वतंत्र अल्बम आला. एकत्र धंदा करणाऱ्या भावांपैकी एकाने शेजारच्या गल्लीत स्वतःचे दुकान टाकले, की घरातले जाणते लोक काय ते समजतात. १९९५ च्या ‘हम तुम’नंतर व्हायटल साइन्सचा नवा अल्बम आलाच नाही. मोठे भांडण नाही, तलाक नाही. नुसतेच एकमेकांकडे जाणे-येणे कमी झाले. १९९९ मध्ये जुनेद यांचा ‘उस राह पर’ आला आणि एकटा गायक म्हणूनही ते चालले.

जुनूनची कहाणी आपल्याला अधिक जवळची, कारण १९९७ च्या ‘आझादी’ अल्बममधले ‘सयोनी’ भारतातही घरोघरी वाजले. त्याच अल्बममध्ये त्यांनी अल्लामा इक्बाल यांच्या कलामाला गिटारची साथ दिली होती. पुढे बुल्लेशाहही गायले. १९९८ मध्ये दोन्ही देशांनी अणुचाचण्या केल्या. जुनूनने त्याविरुद्ध तोंड उघडले आणि पाकिस्तानच्या सरकारी वाहिनीची दारे त्यांना बंद झाली. हा बॅण्डही टिकला नाही. गायक अली अजमत वेगळे झाले, त्यांनी २००५ मध्ये ‘सोशल सर्कस’ हा स्वतःचा अल्बम काढला. सलमान यांनी जुनूनचे नाव पुढे चालवले. २०१८ च्या डिसेंबरमध्ये कराचीत हे जुने साथी पुन्हा एका मंचावर आले.

जुनेद यांची वाट मात्र वेगळ्याच दिशेला वळली. तबलीगी जमातच्या लोकांची सोबत, मौलाना तारिक जमील यांचे बयान, वाढलेली दाढी, मग पुन्हा मंच, पुन्हा घालमेल. हे एका रात्रीत घडले नाही. आपल्याकडे अशी माणसे ‘हिदायत मिळाली’ एवढ्या एका वाक्यात संपवण्याची सवय आहे. मधली ओढाताण कोणी सांगत नाही. ज्या गळ्यावर घर चालते, तोच गप्प करायचा म्हणजे घरखर्चाचा, मुलांच्या फीचा प्रश्न समोर उभा. त्या काळातल्या तंगीबद्दल ते स्वतः उघडपणे बोलत. २००२ मध्ये मित्राबरोबर सुरू केलेल्या कपड्यांच्या व्यवसायाने त्यांना हात दिला. नंतर नात आल्या, वाद्यांविना. मुफ्ती तकी उस्मानी यांचे शब्द त्यांच्या आवाजात आपल्याकडेही रमजानमध्ये ऐकले गेले.

आता अवघड प्रश्न. सलमान अहमद यांचे म्हणणे असे, की इस्लाम आणि संगीत यांत वैर नाही. २०१० मध्ये त्यांनी त्यावर ‘रॉक अँड रोल जिहाद’ हे पुस्तकच लिहिले. जुनेद यांनी याच्या अगदी उलटे मानले. बहुतेक उलेमा वाद्यांना नाजायज म्हणतात, हे आपण जाणतोच. पण इमाम इब्न हज्म यांनी मनाईच्या हदीसांच्या सनदीवर आक्षेप घेतला होता आणि अलीकडे शेख युसूफ करजावी यांनी अटींसह परवानगी दिली, हेही खरे. निकाल देणे माझे काम नाही. मला जाणवते ते एवढेच, की एकाच बॅण्डमधल्या दोघांनी अल्लाहचे नाव घेऊनच विरुद्ध वाटा धरल्या. तिसरे रोहेल हयात. त्यांनी वाद घातला नाही, २००८ मध्ये कोक स्टुडिओ सुरू केला आणि सूफी कलाम, लोकगायक, कव्वाल यांना नव्या पिढीच्या कानापर्यंत पोहोचवले.

दीनच्या वाटेवरही जुनेद यांना टाळ्याच मिळाल्या असे नाही. २०१४ मध्ये बयान करताना हजरत आयेशा (रजि.) यांच्याबद्दल अनुचित उद्गार निघाले. तौहीनचा आरोप झाला. त्यांनी चित्रफितीतून हात जोडून माफी मागितली, तरी काही काळ देशाबाहेर राहावे लागले. २०१६ च्या मार्चमध्ये इस्लामाबाद विमानतळावर त्यांच्यावर लोक धावून गेले. ज्या गर्दीने एकेकाळी स्वाक्षरीसाठी हात पुढे केला, तिच्यातलेच कोणी असतील, सांगता येत नाही. मला स्वतःला ही माफी त्यांच्या सगळ्या अल्बमांपेक्षा कठीण वाटते. लोकांपुढे ‘चुकलो’ म्हणायला नावाजलेल्या माणसाची जीभ सहसा वळत नाही.

त्याच वर्षी ते जमातच्या कामासाठी चित्रालला गेले. ७ डिसेंबरला परतताना इस्लामाबादकडे निघालेले विमान हवेलियाँजवळ डोंगरात कोसळले. आतल्या ४७ जणांपैकी कोणीही वाचले नाही. जुनेद यांच्यासोबत त्यांची एक पत्नीही होती. ओळख पटवायला वेळ लागला, म्हणून दफनविधी आठवडाभर लांबला. कराचीत मौलाना तारिक जमील यांनी जनाजाची नमाज पढवली आणि त्यांना दारुल उलूमच्या कब्रस्तानात दफन करण्यात आले. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन. त्या दिवसांत वाहिन्यांवर त्यांच्या नात लागत होत्या आणि मधूनच जीन्समधला तो २२ वर्षांचा मुलगाही दिसत होता.